बोटांची साक्ष

आमच्या सोसायटीत दूध उतू गेलं तरी त्यामागे कुणाचा तरी हात असणार, अशी खात्री असलेला एकच माणूस होता. फडतरे आप्पा. साताऱ्यात आमची दारं समोरासमोर. मी तिथं राहायला आले त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि आप्पा जिन्यात उभे राहून प्रत्येक वस्तूकडे असं बघत होते की मलाच वाटायला लागलं, हे कपाट खरंच माझं आहे ना? शेवटचं गाठोडं वर गेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

"बाई, आदीची जागा का सोडली?"

नाव नाही, गाव नाही, चहा घेणार का नाही. मी म्हटलं, "शाळा लांब पडत होती." आप्पा "बरं" म्हणाले आणि उजव्या हाताची करंगळी डाव्या मुठीत धरून त्यांनी ओढली. कट्ट. त्या आवाजाचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता, नाहीतर मी आणखी खुलासा केला असता.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी बहुतेक एकाच रस्त्यावर गेली, कुंडल-पलूसवरून जाणाऱ्या सांगली गाडीवर. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आप्पा पाणीही फुंकून प्यायचे, आणि त्याचं कारण विचारलं तर म्हणायचे, "तिकिटं फाडलीत बाई आयुष्यभर. माणूस एसटीत चढला की निम्मं खरं खालीच ठेवून चढतो." हाफ तिकिटाची त्यांची गोष्ट अख्ख्या सोसायटीला पाठ होती. आई पोराला मांडीवर दाबून बसवायची आणि वय कमी सांगायची. आप्पा आईशी वाद घालायचे नाहीत. ते पोराकडे बघून म्हणायचे, "काय रं, सहावीला का तू?" पोराचा अपमान व्हायचा. ते ताठ बसून सांगायचं, "आठवीला! मॉनिटर हाय मी!" आप्पा शांतपणे पूर्ण तिकीट फाडायचे.

बोटं मोडायची सवयही तिथलीच. पूर्वी कंडक्टरच्या हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा असायचा. तिकीट असो नसो, हात तो चिमटा टकटक वाजवत राहायचा. पुढे हातात मशीन आलं, तिकीट आपोआप सरकून बाहेर यायला लागलं आणि आप्पांची बोटं रिकामी झाली. मग त्यांनी बोटंच वाजवायला घेतली. हे सुमनकाकींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं म्हणणं. काकींना त्या आवाजाचा भयंकर राग. "दळिद्र येतं घरात," असं त्या आधी म्हणायच्या. मग मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला, दळिद्र काही येईना, तेव्हा त्यांनी कारण बदललं. "सांधं धरतील. म्हातारपणी भाकरीचा तुकडा मोडाय यायचा न्हाई, मग या माझ्याकडं." आप्पांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होतं. म्हातारपण अजून कुठं शिल्लक होतं कोण जाणे.

निवृत्त झाल्यावर आप्पांना जो धंदा चिकटला तो त्यांच्या स्वभावाला अगदी मापाने शिवल्यासारखा होता. लग्नाच्या चौकशीचा. आपल्याकडे स्थळ पसंत पडलं तरी कुणीतरी गुपचूप जाऊन त्या घराची चौकशी करून येतं, तसं जाणारा जाणता माणूस आता मिळत नाही. आप्पांना त्या रस्त्यावरचं गाव न् गाव माहीत. पैसे घ्यायचे नाहीत, फक्त एसटीने जायचे आणि एक गाव अलीकडे उतरून चालत जायचे. "घरी कवाच जायचं न्हाई," ते मला शिकवायचे, जणू मलाही उद्या हेच करायचं होतं. "घरी गेलं की पोहे मिळत्यात. न्हाव्याकडं जायचं. आन् पोराचं विचारायचं न्हाई, पोराच्या शेजाऱ्याचं विचारायचं. शेजाऱ्याचं विचारलं की लोक पोराचं सांगत्यात."

मोबाईलवर स्थळाचा फोटो आला की ते चेहरा बघायचेच नाहीत. दोन बोटांनी ताणून मागची भिंत बघायचे, खुंटीवरचे कपडे बघायचे, कोपऱ्यातल्या चपला मोजायचे. "माणूस फोटूत हसतंय बाई. भिंत हसत न्हाई."

एकदा जतकडचं एक स्थळ होतं. मुलगा पुण्यात इंजिनियर, महिन्याकाठी गावी येतो, असं बापाने सांगितलेलं. आप्पा जाऊन आले. त्या कोरड्या रानात टँकरची वाट बघत बसलेल्या बायकांशी अर्ध्या कानडीत, अर्ध्या खाणाखुणांनी बोलून आले. मुलाची नोकरी जाऊन वर्ष होऊन गेलं होतं आणि तो बापाची मेंढरं राखत होता. मुलीच्या वडिलांनी ऐकल्याबरोबर स्थळ मोडायला घेतलं, तर आप्पाच आडवे पडले. "नोकरी गेली ह्ये पाप न्हवं. पोरगं उन्हात मेंढरांमागं हाय, बाटलीमागं न्हाई. लबाड बाप हाय, आन् बापाशी कुठं लगीन लावायचंय?" ते लग्न झालं. मुलगी सुखात आहे, दिवाळीला आप्पांच्या घरी घोंगडी पाठवायची. आप्पा ती घोंगडी उलटीपालटी करून बघायचे आणि म्हणायचे, "लोकर खरी दिसतीया. बघू."

हे सगळं ऐकताना, बघताना आप्पांची बोटं चालूच असायची. समोरचा बोलत असला की एकेक बोट ओढलं जायचं, आणि बोलणाऱ्याचं कुठं काही खटकलं की नेमका तिथं कट्ट आवाज व्हायचा. आप्पांच्या दृष्टीने ती निव्वळ सवय. पण लोकांनी त्यातून शास्त्र बनवलं. चौकशीला आलेली माणसं आप्पांच्या तोंडाकडे बघेनाशी झाली, बोटांकडे बघायला लागली. आप्पांनी बोट मोडलं की समजायचं, पाणी मुरतंय. आणि आप्पांनी हा समज कधी खोडून काढला नाही. उलट ते स्वतःच सांगायचे, "तोंड काय बी बोलतंय. हात बगायचं माणसाचं. हात खोटं बोलत न्हाईत." मला वाटतं, त्यांना ते मनातून आवडायचं. इतकी वर्षं तिकीट दाखवा तिकीट दाखवा म्हटलेल्या माणसाचा शब्द लोक श्वास रोखून ऐकतात, हे कुणाला आवडणार नाही?

काकींनी मात्र एकदा त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे धाडलंच, आणि बरोबर मला दिलं. "ह्यांच्यावर माजा इस्वास न्हाई. डॉक्टर काय म्हणाला ते तुमी ऐकून या," म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात संशय काकींनाही चढला होता.

डॉक्टर तरुण होता, हसरा होता. त्याने आप्पांची बोटं दाबली, वाकवली, मूठ वळायला लावली. मग सांगितलं, "सांध्यात वंगणासारखं पाणी असतं. बोट ओढलं की आत जागा वाढते, त्या पाण्यात हवेची पोकळी तयार होते, त्याचा हा आवाज. हाड मोडत नाही, झिजत नाही. म्हणून तर एकदा मोडलेलं बोट लगेच परत वाजत नाही, थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो. या सवयीने संधिवात होतो असा काही पुरावा नाही. दुखत नाही, सूज नाही, मग खुशाल मोडा."

"एक्स-रे?" आप्पांनी विचारलं.

"गरज नाही."

जिना उतरताना आप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता. "बाई, बगितलं का? इचारल्या-इचारल्या 'काय होत न्हाई' म्हणला. खरं कुणी इतक्या लवकर बोलतं व्हय? आन् एक्स-रेचं पैसं नको म्हणणारा डॉक्टर तुमी कवा बगितला? काहीतरी हाय ह्यात."

रिक्षात बसल्यावर त्यांनी डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. थोड्या वेळाने तेच बोट पुन्हा ओढलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. मला वाटलं, रिक्षावाला लांबच्या रस्त्याने नेतोय असा संशय आला असेल. घरी आल्यावर मी काकींना सांगितलं, काही धोका नाही. काकी म्हणाल्या, "डॉक्टरला फितवला वाटतं."

आप्पांचा विश्वास बसला अशी जगात दोनच माणसं. एक हणमंत जाधव, कुंडलचा. आप्पांच्या गाडीचा ड्रायव्हर. वर्षानुवर्षं दोघांनी एका डब्यात खाल्लं. "हणमंतच्या पाठीमागं मी डोळं मिटून झोपलोय," असं आप्पा सांगायचे, आणि त्यांच्या तोंडून हे म्हणजे परमवीरचक्रच. हणमंतराव करोनात गेले. दुसरं माणूस म्हणजे हणमंतरावांची मुलगी प्राजक्ता. लहानपणी ती सुट्टीत बापाच्या गाडीवर यायची आणि कंडक्टरच्या सीटवर आप्पांच्या शेजारी बसायची. बोटं मोडायला तिला आप्पांनीच शिकवलं. आता ती सांगलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, आणि साताऱ्याला आली की आधी आप्पांच्या समोर बसून दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडून दाखवायची. काकी कपाळावर हात मारायच्या, आप्पा पोट धरून हसायचे. त्यांना इतकं मोकळं हसताना मी फक्त तेव्हाच पाहिलंय.

प्राजूने स्वतःचं स्वतः जमवलं. मुलगा सांगलीचाच, रोहित, घरचं मोटर-पंपांचं दुकान. रक्त द्यायला लॅबमध्ये आला आणि सुई बघून तिच्या पायाशी आडवा झाला, इथून ओळख. आप्पांनी अर्थातच त्याची चौकशी केली, न्हाव्यापासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत. निकाल दिला, "सुई बघून पडतंय म्हणजे खोटं बोलायची ताकद न्हाई त्याच्यात. बेस हाय."

राहिला प्रश्न रोहितच्या घरच्यांचा. आई-वडील मऊ होते, पण घरात शब्द चालायचा रोहितच्या मामांचा. मामा कोरेगावचे, आडत दुकान, पांढरी टोपी, तोंड कमी आणि डोळे जास्त. आप्पांची कीर्ती त्यांनी ऐकलेली होती. मुलीचा बाप नाही, तर मुलीला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाला विचारावं, म्हणून ते साताऱ्याला आले. चौकशी करणाऱ्याचीच साक्ष काढायला.

काकींनी मला पोहे करू लागायला बोलावलं, म्हणून त्या बैठकीला मी होते.

"आप्पासाहेब, आपल्यासारख्याकडं आलोय. आडपडदा नको," मामा म्हणाले. "पोरगी कशी हाय?"

"सोनं हाय," आप्पा म्हणाले. इतकं थेट उत्तर त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

"घरात काय आजार? बापाला काय व्यसन?"

"हणमंतानं कवा तंबाखू खाल्ली न्हाई."

मामांनी चहाचा घोट घेतला. त्यांची नजर काकींच्या शोकेसवरून, टीव्हीवरून, माझ्यावरून फिरून परत आप्पांवर आली. "आन् पोरीचं म्हागं काय? म्हंजी आदी कुठं... तुमास्नी ठावं असंल तर."

"काय न्हाई. मी सांगतो ना," आप्पा म्हणाले, आणि त्याच वेळी त्यांच्या उजव्या हाताची करंगळी डाव्या मुठीत गेली.

कट्ट.

मामांनी बशी खाली ठेवली. नंतर ते हवापाण्याचं बोलले, आल्याच्या पिकाचं बोलले, हात जोडले आणि गेले.

मी आप्पांकडे पाहिलं. "काय झालं?" ते म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही बोट मोडलंत." ते आपल्या हाताकडे बघत राहिले. "मला त्या मामाचाच संशय आला, बाई," ते हळूच म्हणाले. "तो डोळं कसं फिरवत हुता बगितलं न्हवं? म्हणून मोडलं. पोरीसाठी न्हाई."

ते मला पटलं. पण ते मामांना कोण सांगणार होतं?

तिसऱ्या दिवशी रोहितच्या घरून प्राजूच्या आईला निरोप गेला, जरा थांबू. आपल्याकडे 'जरा थांबू' म्हणजे काय, हे लहान पोरालाही कळतं. रविवारी सकाळी प्राजू साताऱ्यात. आप्पांचं दार मीच उघडलं, कारण काकी तिच्यासमोर यायला तयार नव्हत्या. ती आत आली, बसली नाही. डोळे लाल होते, पण आवाज स्थिर होता.

"आप्पा, तुमी काय सांगितलं त्यांना?"

"तू सोनं हायस म्हणून सांगितलं."

"मग मामा रोहितला म्हणाले, तोंडानं आप्पा काय बी बोलले तरी त्यांच्या बोटांनी खरं सांगितलं. माझं काय खरं सांगितलं बोटांनी? काय माहीत हाय तुमाला माझं?"

जन्मभर दुसऱ्यांकडे संशयाने बघितलेल्या माणसाकडे त्याची सगळ्यात लाडकी पोर संशयाने बघत होती. मला तिथं थांबवेना. मी उठून माझ्या घरी आले. थोड्या वेळाने प्राजूची पावलं जिन्यावरून खाली गेली.

आप्पा दुसऱ्याच दिवशी कोरेगावला गेले. या खेपेला एक गाव अलीकडे उतरले नाहीत, थेट मामांच्या आडतीवर गेले. परत आले ते पाणीही न पिता बसून राहिले. काकींनी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. मामा अदबीने वागले, उसाचा रस मागवला. मग म्हणाले, "आप्पा, तुमी दोस्ताच्या लेकीसाठी बोलणारच, त्यात गैर काय न्हाई. पन हात खोटं बोलत न्हाईत, ह्ये तुमीच सांगत आलाय की. आमी तुमचंच ऐकतोय."

त्यानंतर काही दिवस समोरच्या घरातून तो आवाज आला नाही. आप्पा खुर्चीत दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचे. काकींना ती शांतता सहन होईना. "आवं, मोडा की एखादं," त्या एकदा म्हणाल्या. मी ऐकलंय हे. जन्मभर ज्या आवाजाला शिव्या दिल्या, तो त्या मागत होत्या.

रोहित पोरगं निघालं हट्टी. त्याने घरात सांगितलं, लग्न करीन तर प्राजूशी, आणि एकदा सगळ्यांनी समोरासमोर बसा. मामांनाही बोलावलं. आप्पांचा मला निरोप आला, "बाई, तुमची गाडी हाय. येता का सांगलीला?" माझ्या गाडीत ते पूर्वी एकदाच बसले होते आणि ब्रेक लागतो का हे त्यांनी दोनदा खात्री करून घेतलं होतं. या वेळी काही विचारलं नाही. सगळ्या रस्त्यात हात खिशात होते. ओळखीची गावं मागे गेली, एकाचंही नाव त्यांनी घेतलं नाही.

रोहितच्या घरची बैठकीची खोली माणसांनी भरलेली. आई-वडील, मामा, चुलते, दारात शेजारणी. प्राजू आईबरोबर कोपऱ्यात. आप्पा मधल्या खुर्चीवर बसले आणि चहा नको म्हणाले.

"मामा, माजी बोटं तुमी साक्षीला काढलीत," त्यांनी सुरुवात केली. "तर आज त्यांची उलटतपासणी घ्या. समद्यांनी बघा." त्यांनी डाव्या हाताची करंगळी धरली. "माजं नाव दौलत फडतरे." कट्ट. "खोटं हाय?"

त्यांनी पुढचं बोट धरलं.

"ही भिंत पिवळी हाय." कट्ट. "सांगलीत किस्ना नदी हाय." कट्ट. "ह्या माऊलीनं मघाशी मला चहा इचारला." कट्ट. रोहितची आई उगीचच पदर सावरू लागली. "सूर्य उगवतीला उगवतो. एसटी येळेवर येत न्हाई." दारातून कुणीतरी हसलं. आप्पा हसले नाहीत. एकेक खरी गोष्ट सांगून ते एकेक बोट मोडत गेले, आणि प्रत्येक आवाजाबरोबर इतक्या वर्षांचा त्यांचा मान त्या फरशीवर पडत होता. मला बघवत नव्हतं. मुठीत होतं ते सगळं तो माणूस आपल्या हाताने संपवत होता. शेवटी उजवी करंगळी राहिली.

"बोटं मोडनं ही माजी खोड हाय, मामा. इद्या न्हाई. मी लोकास्नी ती इद्या हाय असं समजू दिलं, कारण मला मान मिळत हुता." कट्ट. "ह्ये बी खरंच हाय."

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. असे लोक एवढ्याने हलत नाहीत. मग त्यांनी पुढे वाकून, आप्पांच्या हातांवरची नजर न काढता, सावकाश विचारलं, "बरं. आता सांगा. पोरगी कशी हाय?"

"सोनं हाय," आप्पा म्हणाले आणि मामांच्या डोळ्यांदेखत त्यांनी उजवी करंगळी मुठीत धरून ओढली. आवाज नाही. अनामिका ओढली, मधलं ओढलं, अंगठा ओढला. दुसरा हात घेतला. एकही बोट वाजलं नाही.

मामांनी मोठा श्वास सोडला. "झालं," ते रोहितच्या वडिलांना म्हणाले. "साखर आना."

मी विज्ञान शिकवते. पोरांना दरवर्षी वायू आणि द्रव सांगते. तरी ती साखर तोंडात विरघळेपर्यंत मला डॉक्टरचं वाक्य आठवलं नाही. आठवलं तेव्हा मी आप्पांकडे पाहिलं. ते चहा मागत होते.

परतीच्या वाटेवर कराड गेल्यावर मी विचारलंच. "आप्पा, त्या दिवशी रिक्षात तुम्ही घड्याळ कशाला बघत होतात?"

"रिक्षावाला लांबनं नेत हुता."

"डॉक्टरवर तुमचा विश्वास नव्हता ना?"

"न्हाईच." त्यांनी खिडकीची काच वर आहे का, ते हाताने चाचपून बघितलं. "डॉक्टरवर न्हाई, बाई. सोताच्या बोटावर हाय. आन् मामा काय समजला ते मामाला इचारा. मी काय बोललो ते समदं खरं हुतं."

खरं होतं. म्हणूनच तर माझा संशय अजून गेलेला नाही. आधी सगळं उधळून देणारा तो माणूस खरा, की शेवटी गप्प बोटं दाखवणारा? मला वाटतं, पोरीसाठी त्यांनी दोन्ही केलं. शहाण्यांसाठी कबुली दिली आणि मामांसाठी बोटं रिकामी करून ठेवली.

व्हायचं ते झालं. बातमी दोन्ही जिल्ह्यांत फिरली, आप्पांची बोटं म्हणे नुसती खोड आहे. चौकशीला येणारी माणसं थांबली. जिन्यात अनोळखी चपला दिसेनाशा झाल्या. काकी म्हणाल्या, सुटले एकदाची पोह्यातून. पण दुपारी बेल वाजली की आप्पा अजून खुर्चीत ताठ व्हायचे, आणि बहुतेक वेळा कुरिअरवाला असायचा. त्याला ते विचारायचे, "आदीची नोकरी का सोडली?"

प्राजूचं लग्न उन्हाळ्यात, पलूसच्या कार्यालयात झालं. तिथून मी परस्पर सुट्टीला लेकीकडे गेले आणि परतले तेव्हा समोरच्या दारात काकी एकट्याच होत्या. म्हणून त्या दिवशीचे आप्पा हेच माझे शेवटचे आप्पा.

सकाळपासून मला त्यांच्यात काहीतरी खटकत होतं. त्यांच्याबरोबर राहून मलाही ती खोड लागली होती. कार्यालयात संशय घेण्यासारखं काय कमी होतं? आचारी तूप मोजून देत नव्हता, बँडवाले अर्धेच आले होते, कुणाच्या तरी चपला गेल्या होत्या. आणि आप्पा हात पायजम्याच्या खिशात घालून गप्प उभे. कुणी नमस्कार केला तर नुसती मान हलवायचे. अक्षता त्यांनी ओंजळीत घेतल्या त्याही अशा, की बोटांना ताण पडू नये. मला वाटलं, हात दुखत असणार. काकींचं सांधे धरण्याचं भाकीत शेवटी खरं झालं की काय? मी काकींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सकाळधरनं असंच हाय. मलाबी सांगंनात."

पाठवणीची वेळ झाली. बायका रडत होत्या. प्राजूच्या आईने तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, चुलतीने मोडली, काकींनी मोडली. आलाबला घेणं हे आपल्याकडे बायकांचं काम. जितकी बोटं वाजतील तितकी इडापिडा टळते म्हणतात. प्राजू गाडीकडे वळली तेव्हा आप्पा गर्दीतून पुढे आले. त्यांनी खिशातून हात काढले.

"थांब, प्राजे."

त्यांनी दोन्ही हात तिच्या डोक्यावरून, गालांवरून खाली आणले. सावकाश, एखादी नाजूक वस्तू पुसावी तसे. मग दहाही बोटं आपल्या कानशिलांवर टेकवली आणि दाबली.

इतका मोठा आवाज मी त्या हातांतून कधी ऐकला नव्हता. पहिल्यापासून शेवटच्या बोटापर्यंत सगळी कडाकडा वाजली. रोहितमागे उभे असलेले मामा दचकले. प्राजू रडता रडता हसली, तिने आप्पांचे दोन्ही हात धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले.

"अगंबाई, समदी वाजली!" काकी म्हणाल्या.

"वाजणार न्हाईत तर. सकाळधरनं एक बी मोडलं न्हाई," आप्पा म्हणाले. "हिच्यासाठी राखली हुती."

गाडी गेली. फाटकाशी धूळ खाली बसली, माणसं जेवायला वळली. आप्पा रस्त्याकडे बघत उभे होते. सवयीने त्यांची उजवी करंगळी डाव्या मुठीत गेली, त्यांनी ओढली, आणि काही वाजलं नाही. त्यांनी हात उलटा करून पाहिला.

"गेली समदी," ते काकींना म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कशाचीही खात्री करून न घेता जेवायला बसले.